बेळगावहून सॅन फ्रान्सिस्को: अंतर किती, वेळ किती, घरच्या घरी हिशेब कसा मांडायचा

आमच्या गल्लीतल्या तात्यांची मुलगी कॅलिफोर्नियात सॅन होजेला असते. पहिल्यांदा तिकडे जायचं ठरलं तेव्हा तिकिटाचा कागद घेऊन ते संध्याकाळी आमच्याकडे आले. "हे बघ की जरा. मंगळवारी सकाळी निघायचं आणि मंगळवारीच रात्री पोचायचं म्हणतंय हे. पोरगी फोनवर तीस तास लागतात म्हणून सांगायलीय. खरं कुठलं धरायचं?"

दोन्ही खरं होतं. पण ते त्यांना पटेल असं समजावून सांगायला मला तो सगळा हिशेब वहीवर मांडावा लागला. त्यानंतर येळ्ळूरचे, उचगावचे, खानापूरचे, निपाणीकडचे कितीतरी आईवडील असेच कागद घेऊन आले. कुणाचा मुलगा लंडनला, कुणाची मुलगी टोरांटोला, कुणाचा जावई दुबईला. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "किती लांब आहे हो ते?" आणि लगेच दुसरा, "पोचायला किती वेळ लागतो?" हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरं एकमेकांवरून सरळ निघत नाहीत. ती कशी काढायची ते इथे क्रमानं सांगतो. पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्यांना आणि त्यांच्यासाठी तिकीट काढणाऱ्या मुलांना, दोघांनाही उपयोगी पडेल.

आधी विमानतळ नक्की करा, गाव नव्हे

अंतर गावापासून गावापर्यंत मोजलं की घोटाळा होतो. मोजायचं असतं विमानतळापासून विमानतळापर्यंत. जगातल्या प्रत्येक मोठ्या विमानतळाला तीन अक्षरांचा कोड असतो. आपल्या सांबऱ्याचा, म्हणजे बेळगावच्या विमानतळाचा, कोड आयएक्सजी. बेंगळुरूचा बीएलआर, मुंबईचा बीओएम, दिल्लीचा डीईएल, सॅन फ्रान्सिस्कोचा एसएफओ. बेळगावचं सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी झालं, त्यामुळे काही वेबसाइटवर एक नाव टाकलं तर सापडतं आणि दुसरं टाकलं तर नाही. कोड मात्र तोच राहिलाय. म्हणून शोधताना कोडच टाकावा.

सारख्या नावांची गावं हा आणखी मोठा खड्डा. सॅन होजे नावाचा एक विमानतळ कॅलिफोर्नियात आहे, कोड एसजेसी. दुसरा मध्य अमेरिकेत कोस्टारिका देशात, कोड एसजेओ. एका अक्षराचा फरक आणि दोन वेगळे देश. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्येही आहे आणि अमेरिकेच्या अलाबामातही. लंडन नावाचं शहर कॅनडातही आहे. मुलाला फोन करा आणि "तुझ्या जवळच्या विमानतळाचा तीन अक्षरी कोड पाठव" एवढंच सांगा.

एकाच शहराला किंवा भागाला दोन विमानतळ असतात, तेही पाहून घ्या. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन झालेत, मोप्याचा जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला. मुंबईत जुन्याच्या जोडीला नवी मुंबईचा आलाय, त्याचं उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झालं. तिकीट एका ठिकाणचं आणि पुढचं विमान दुसऱ्या ठिकाणचं, असं झालं तर मधला रस्ता तुमच्या डोक्यावर.

अंतर: नकाशावर फूटपट्टी लावू नका

हा भाग जरा नीट वाचा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

तात्यांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं आणि बेळगावपासून पश्चिमेकडे सरकवत अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक असं करत अमेरिकेच्या पार पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत नेलं. म्हणाले, "एवढं लांब." मी शेजारच्या शाळकरी पोराचा पृथ्वीगोल मागून आणला. प्लास्टिकचा, खालची अंटार्क्टिकाची टोपी निखळलेली. त्यावर बेळगाव छापलेलं नव्हतं, म्हणून गोव्याच्या थोडं उजवीकडे पेनानं टिंब दिलं. आईच्या गोधडीच्या डब्यातला जाड पांढरा दोरा घेतला. एक टोक तात्यांनी त्या टिंबावर अंगठ्यानं दाबून धरलं, दुसरं मी सॅन फ्रान्सिस्कोवर. मग दोरा हळूहळू ताणला.

सैल असताना दोरा चीन-जपानवरून आडवा पसरला होता. ताण बसेल तसा तो वर वर सरकत गेला. शेवटी घट्ट बसला तेव्हा बेळगावहून निघून दिल्लीच्या अगदी जवळून, हिमालय ओलांडून, सैबेरियावरून, आर्क्टिक महासागराच्या कडेनं, अलास्कावरून कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला खाली उतरून सॅन फ्रान्सिस्कोत आला. तात्या बराच वेळ त्या दोऱ्याकडे बघत होते. "म्हणजे अमेरिका पश्चिमेला न्हाई, वर हाय?" आपल्यासाठी हेच खरं. गोल पृथ्वीवर दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा रस्ता असाच निघतो. सपाट नकाशावर तो धनुष्यासारखा वाकडा दिसतो, कारण नकाशा काढताना ध्रुवाकडचा भाग फार ताणला जातो.

ज्याच्या घरी पृथ्वीगोल आहे त्यानं हा प्रयोग जरूर करावा. मग दोरा तसाच उचलून विषुववृत्तावर लावा. पृथ्वीचा पूर्ण वेढा सुमारे 40,000 किलोमीटरचा. दोरा वेढ्याच्या जेवढ्या भागाला पुरतो त्यावरून अंतर निघतं. आमचा दोरा वेढ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त भरला, म्हणजे साडेतेरा-चौदा हजार किलोमीटर. अक्षांश-रेखांश घेऊन गणित केलं तर सांबरा ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर सुमारे 13,800 किलोमीटर येतं. दोऱ्यानं काढलेल्या उत्तराच्या अगदी जवळ.

गणित नको असेल तर ग्रेट सर्कल मॅपर नावाची वेबसाइट आहे, तिथे दोन कोड मध्ये आडवी रेघ देऊन टाकले की अंतर आणि वाकडी रेषा दोन्ही दिसतात. गूगल अर्थमध्येही मोजपट्टी असते. एककाकडे मात्र लक्ष ठेवा. काही ठिकाणी उत्तर मैलात येतं, काही ठिकाणी सागरी मैलात. साधा मैल 1.609 किलोमीटरचा, सागरी मैल 1.852 किलोमीटरचा. एका मुलानं आईला "साडेसात हजारच आहे" असं सांगून धीर दिला होता, तो आकडा सागरी मैलांचा होता.

हाताशी ठेवायला अजून एक गोष्ट. वेढाच 40,000 चा असल्यामुळे पृथ्वीवरचे कुठलेही दोन विमानतळ 20,000 किलोमीटरपेक्षा फारसे लांब असूच शकत नाहीत. आज नियमित चालणारं सगळ्यात लांबचं थेट उड्डाण सिंगापूर ते न्यूयॉर्क, सुमारे 15,300 किलोमीटर, अठरा तासांपेक्षा जास्त. म्हणजे आपलं अंतर जगातल्या मोठ्यांत मोडतं, तेव्हा शरीराची तयारी करूनच निघावं.

मधला थांबा कुठे, यावर हजारो किलोमीटर ठरतात

सांबऱ्याहून परदेशात थेट विमान जात नाही. इथली धावपट्टी 1942 मध्ये ब्रिटिशांच्या हवाई दलानं तयार केली, आज तिच्यावरून देशातल्या शहरांना विमानं जातात. कुठल्या शहराला, किती वाजता, हे दर हंगामात बदलतं, म्हणून तिकीट काढायच्या दिवशीच पाहावं. परदेशाला जायचं म्हणजे कुठल्यातरी मोठ्या विमानतळावर बदलणं आलंच. तो थांबा कुठे घ्यायचा, हे पैशांइतकंच अंतरावरही ठरवा.

सॅन फ्रान्सिस्कोचंच उदाहरण घेऊ. दिल्लीमार्गे गेलं तर सांबरा ते दिल्ली सुमारे 1,435 किलोमीटर आणि तिथून पुढे सुमारे 12,375. बेरीज 13,810. म्हणजे थेट अंतराएवढीच. दोरा दिल्लीजवळून गेला होता, त्याचा अर्थ इथे कळतो. मुंबईमार्गे 400 अधिक 13,510, म्हणजे 13,900 च्या आसपास, तेही वाईट नाही. बेंगळुरूला जाताना आपण 445 किलोमीटर उलट्या दिशेला, आग्नेयेला सरकतो. तिथून सॅन फ्रान्सिस्को सुमारे 13,990. बेरीज 14,400 च्या पुढे. बेंगळुरूला बदलून पुढे दुबईमार्गे गेलं तर ही बेरीज सुमारे 16,150 होते आणि लंडनमार्गे 17,100. दिल्लीच्या तुलनेत लंडनमार्गे 3,300 किलोमीटर जास्त, म्हणजे नुसत्या हवेत चार तासांचा फरक.

तरीही लंडन किंवा दुबई घेणारे खूप आहेत. तिकीट स्वस्त पडतं, शिवाय सलग सोळा-सतरा तास बसण्यापेक्षा मध्ये पाय मोकळे होतात. गुडघे दुखणाऱ्या आईला मी स्वतः दोन तुकड्यांचाच प्रवास सुचवीन. निर्णय तुमचा, पण आकडे समोर ठेवून घ्या. दुसऱ्या देशात थांबा असेल तर तिथे ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे नुसतं विमान बदलण्यासाठीचा व्हिसा, लागतो का, हे तिकिटाचे पैसे भरण्याआधी त्या देशाच्या दूतावासाच्या वेबसाइटवर पाहा.

न्यूयॉर्क किंवा टोरांटोला जाणाऱ्यांचा दोरा वेगळा बसतो, तो युरोपच्या बाजूनं जातो. त्यांना लंडन-फ्रँकफर्ट फारसं आडवाटेला पडत नाही. म्हणून शेजाऱ्याचा मार्ग डोळे झाकून घेऊ नका, आपला दोरा आपण ताणून बघा.

किलोमीटरचे तास करा

लांब पल्ल्याची मोठी जेट विमानं वर स्थिर झाली की ताशी 900 किलोमीटरच्या आसपास जातात. पण चढायला, उतरायला, धावपट्टीपर्यंत हळूहळू सरकायला वेळ जातो, आणि तिकिटावरचा वेळ दारातून दारापर्यंतचा, म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या जागी थांबेपर्यंतचा असतो. म्हणून माझा ठोकताळा असा: किलोमीटरला 850 नं भागा आणि अर्धा तास मिळवा.

मुंबई ते लंडन सुमारे 7,210 किलोमीटर. भागाकार साडेआठ, अधिक अर्धा, नऊ तास. प्रत्यक्षात जाताना साडेनऊ-दहा तास लागतात आणि येताना नऊ किंवा त्याहून कमी. हा फरक वाऱ्याचा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचा वारा तिथे नेहमीचा, हिवाळ्यात त्याहूनही जास्त. लंडनला जाताना तो तोंडावर येतो, परतताना पाठीमागून ढकलतो. सायकलवरून सांबरा रोडला वाऱ्याविरुद्ध पायडल मारलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को ठोकताळ्यानं पंधरा तास येतात, तिकिटावर साधारण सोळा किंवा जास्त दिसतात. इतक्या लांबच्या विमानाला ताणलेल्या दोऱ्यावरून सरळ जाता येत नाही. वारा, वादळं आणि हवाई हद्दी बघून मार्ग रोज ठरतो. काही दिवशी तेच विमान पूर्वेला वळून पॅसिफिकवरून जातं, कारण तिकडून वारा पाठीशी मिळतो. म्हणून दहा हजार किलोमीटरच्या वरच्या प्रवासाला ठोकताळ्यात एक-दीड तास आणखी मिळवा.

हवाई हद्दीचा मुद्दा हल्ली फार महत्त्वाचा झालाय. पाकिस्ताननं 2019 मध्ये फेब्रुवारी ते जुलै आपली हद्द बंद ठेवली होती, आणि एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा बंद केली. त्यामुळे दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय विमानांना अरबी समुद्रावरून वळसा पडला, काहींना इंधनासाठी व्हिएन्नात थांबावं लागलं. रशियाची हद्द 2022 पासून युरोपच्या आणि अमेरिकेच्या कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. एकाच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांचे तास वेगळे दिसले तर पुष्कळदा कारण हे असतं.

सांबऱ्याहून बेंगळुरू 445 किलोमीटर. जेट असेल तर तास-सव्वा तास. पंख्याचं एटीआर विमान ताशी 500 च्या आसपास जातं, त्याला वीसेक मिनिटं जास्त धरा.

घड्याळ: सगळं बेळगावच्या वेळेत आणा

तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावाची छापलेली असते. निघण्याची वेळ इथली, उतरण्याची तिथली. या दोन वेळांची वजाबाकी केली की उत्तर हमखास चुकतं. तात्यांचा मंगळवार यातूनच आला होता.

उपाय सोपा आहे. तिकिटावरच्या प्रत्येक वेळेशेजारी पेन्सिलनं बेळगावची वेळ लिहा. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. कॅलिफोर्निया हिवाळ्यात साडेतेरा तास मागे, उन्हाळ्यात साडेबारा. आपल्याकडे वर्षभर एकच वेळ, त्यांच्याकडे घड्याळ वर्षातून दोनदा सरकवतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. इंग्लंडमध्ये मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. जाणं फेब्रुवारीत आणि येणं एप्रिलात असेल तर दोन्ही प्रवासांना वेगळा फरक लावायचा.

आता एक प्रत्यक्ष घडलेलं उड्डाण घेऊ. सॅन फ्रान्सिस्को ते बेंगळुरू हे एअर इंडियाचं पहिलं थेट विमान जानेवारी 2021 मध्ये आलं. कॉकपिटमध्ये सगळ्या महिला वैमानिक, नेतृत्व कॅप्टन झोया अगरवाल यांचं, आणि मार्ग उत्तर ध्रुवावरून. 9 तारखेला रात्री साडेआठच्या सुमाराला तिकडून निघालेलं विमान बेंगळुरूला उतरलं 11 तारखेला पहाटे. कागदावर बघितलं तर मधली दहा तारीख अख्खी गेल्यासारखी वाटते. आता हिशेब करा. कॅलिफोर्नियातली 9 तारखेची रात्र साडेआठ म्हणजे साडेतेरा तास मिळवून बेळगावची 10 तारखेची सकाळ दहा. तिथून पुढे सुमारे सतरा तास, म्हणजे 11 ची पहाट. सतराच तासांचा प्रवास, तारखा मात्र दोन उलटल्या.

अमेरिकेला जाताना उलट होतं. प्रवासातले साडेबारा-साडेतेरा तास घड्याळ मागे गेल्यानं भरून निघतात, म्हणून मंगळवारी निघून मंगळवारीच पोचतो.

मध्यरात्रीचं विमान

हा भाग आमच्या घरी महागात पडलाय, म्हणून वेगळा लिहितो.

माझी मावशी लंडनला मुलाकडे निघाली होती. तिकीट मुंबईहून, 15 तारीख, वेळ 00:25. ज्यांच्याकडून तिकीट काढलं त्यांनी तोंडी सांगितलं, "पंधराला रात्री साडेबाराचं विमान." आम्ही पंधराला सकाळी बेळगावहून गाडी करून निघालो, सातारा-पुणे करत संध्याकाळी मुंबईत पोचलो. विमानतळाच्या दारावरच्या जवानानं कागद बघितला आणि शांतपणे सांगितलं, हे विमान काल रात्री गेलं. मावशी सूटकेसवर बसून राहिली. तिच्या मांडीवर नातवासाठी घेतलेल्या कुंद्याचा डबा होता, तो तिनं दोन्ही हातांनी धरलेला. दुसरं तिकीट काढायला जे पैसे गेले ते गेले, पण तो चेहरा मी विसरलेलो नाही.

रात्री बारा वाजले की तारीख बदलते. 15 तारीख 00:25 म्हणजे 14 तारखेची रात्र. 14 च्या संध्याकाळी तुम्ही विमानतळावर हवेत. भारतातून परदेशात जाणारी पुष्कळ विमानं रात्री बारा ते पहाटे चारच्या मध्ये सुटतात, म्हणून हा धोका आपल्याला फार. माझी पद्धत अशी: तिकिटावरची वेळ पहाटे चारच्या आतली असेल तर कॅलेंडरवर आदल्या दिवसाच्या चौकोनात लाल पेनानं "आज रात्री विमानतळ" असं लिहायचं. कालनिर्णय भिंतीवर असतंच, त्यावरच लिहा, मोबाइलमध्ये नको. घरातल्या सगळ्यांना दिसलं पाहिजे. आणि उतरण्याच्या वेळेपुढे अधिक एक असं बारीक छापलेलं असेल, तर ते पुढच्या दिवशी उतरणार याची खूण.

उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत

विमानातले तास म्हणजे प्रवासाचे तास नव्हेत. आता तात्यांसारखाच एक पूर्ण हिशेब मांडतो, तुम्ही तुमचे आकडे घालून घ्या.

समजा घर खानापुरात. सकाळी सहाला निघायचं. बेळगाव शहर ओलांडून बागलकोट रोडनं मुतग्यावरून सांबऱ्याला, दीड तास धरा. शहरापासून विमानतळ दहाच किलोमीटर असला तरी सकाळच्या गर्दीत चन्नम्मा चौक अडवतो. साडेसातला पोचलात. देशातल्या विमानाला दोन तास आधी पोचणं बरं, म्हणजे साडेनऊचं विमान. दिल्लीला अडीच तास, बारा वाजता उतरलात. पुढचं विमान संध्याकाळी पाचला. सोळा तास हवेत, बेळगावच्या घड्याळात बुधवार सकाळचे नऊ. उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, बॅगा, कस्टम्स यांना दोन तास. तिथून सॅन होजेपर्यंत गाडीनं एक तास. बुधवार दुपारचे बारा.

निघाल्यापासून तीस तास. त्यातले हवेतले साडेअठरा, बाकीचे साडेअकरा जमिनीवरचे. आणि बुधवार दुपारी बारातून साडेतेरा वजा केले की कॅलिफोर्नियात मंगळवार रात्रीचे साडेदहा. तिकीटही खरं, पोरगीही खरी.

या हिशेबात मधल्या थांब्याचे पाच तास बघून मुलं म्हणतात, दोन तासांचं स्वस्त मिळतंय. पहिल्यांदा जाणाऱ्या आईवडिलांसाठी ते घेऊ नका. दिल्लीत टी-1 आणि टी-3 ही टर्मिनलं एकमेकांपासून लांब आहेत, मध्ये रस्त्यानं जावं लागतं. बेंगळुरूला सगळी आंतरराष्ट्रीय विमानं टी-2 वरून सुटतात, आपलं विमान टी-1 ला उतरलं तर बसनं पलीकडे जायचं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुकं पडतं, बेंगळुरूलाही पहाटे पडतं, पावसाळ्यात सांबऱ्यावर ढग उतरतात. पहिलं विमान तासभर लेट झालं की दोन तासांचा थांबा संपला.

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर आहेत का, हे सगळ्यात आधी बघा. एकाच तिकिटावर असतील तर पहिलं विमान लेट झाल्यास पुढची सोय कंपनीला करावी लागते, आणि बॅगा बहुतेक वेळा पुढे आपोआप जातात. वेगळी तिकिटं असतील तर बॅगा स्वतः घ्यायच्या, पुन्हा रांगेत लावायच्या, आणि चुकलं तर नुकसान आपलं. तेव्हा मध्ये किमान सहा तास ठेवा, किंवा बेळगावहून रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस किंवा बस धरून आदल्या दिवशीच बेंगळुरू गाठा. अमेरिकेत आतल्या शहराला जाणार असाल तर पहिल्या विमानतळावरच बॅगा घेऊन कस्टम्समधून जावं लागतं, तिथेही तीन तासांच्या आतला थांबा नको.

सुरुवात सांबऱ्याहूनच करायची असंही नाही. निपाणीकरांना कोल्हापूरचं उजळाईवाडी सांबऱ्यापेक्षा जवळ पडतं. खानापूरकडच्यांना हुबळी किंवा गोव्याचा पर्याय आहे, पण पावसाळ्यात चोर्ला घाटाच्या भरवशावर परदेशाचं विमान ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

औषधं आणि भाषा

तीस तासांच्या प्रवासात "सकाळची गोळी" कुठली हेच कळत नाही. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी बेळगावच्या वेळेत केलेला हा तक्ता घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावं आणि कुठला डोस कधी, हे त्यावरच लिहून घ्यावं. औषधं हातातल्या बॅगेत. दर दीड-दोन तासांनी उठून चालावं, पाणी प्यावं.

इंग्रजी येत नाही म्हणून घाबरू नका. बेंगळुरूला आपलं कन्नड उपयोगी पडतं, दिल्लीत हिंदी. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागितली तर बरोबर माणूस मिळतो, तो रांगांमधून नेऊन पुढच्या दारात बसवतो. यात कमीपणा काही नाही. एका कागदावर मुलीचं नाव, पत्ता, फोन आणि विमानांचे नंबर मोठ्या इंग्रजी अक्षरात लिहून पासपोर्टमध्ये ठेवा.

मागे राहिलेल्यांसाठी

विमान सुटल्यावर फ्लाइटरडार24 नावाच्या वेबसाइटवर त्याचा नंबर टाकला की ते कुठे आहे ते दिसतं. अमेरिकेला निघालेलं विमान वर उत्तरेला किंवा भलतीकडे वळताना दिसलं तर घाबरून फोनाफोनी करू नका, गोधडीचा दोरा आठवा. समुद्रावर किंवा ध्रुवाकडे काही वेळ ते दिसेनासंही होतं, कारण तिथे खालून सिग्नल पकडणारं कुणी नसतं. मोबाइलवर "उतरलं" असं आलं तरी दोन तास फोनची वाट बघा, ती माणसं अजून रांगेत उभी असतात.

तात्या अमेरिकेला गेले तेव्हा काकू इथे घरीच होत्या. त्यांनी स्वयंपाकघरातल्या घड्याळाखाली दुसरं घड्याळ लावून घेतलं, साडेतेरा तास मागचं. रात्री आठला भाकरी थापता थापता त्या वर बघायच्या आणि म्हणायच्या, "साडेसहा झाल्यात तिकडं. उठला असतील आता," आणि हात धुऊन फोन लावायच्या.